सहावं ताट

समस्त मराठी जनांस, विशेषतः ज्या घरांत स्टीलची भांडी मोजून फळीवर लावली जातात अशा सर्व कुटुंबांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, फरीदाबाद येथील एका घरातून सहा ताटांच्या संचापैकी एक ताट नाहीसे झाले होते. ते कामवालीने नेले नव्हते. ते शेजारच्या लग्नात राहिले नव्हते. घर बदलताना ट्रकमधून पडले, हे तर निव्वळ थोतांड होते. ते ताट घरमालकांनी स्वतः चोरले, आणि चोरीच्या वेळी ते दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेला इसम मी होतो.

हुश्श. सांगून टाकलं एकदाचं.

चोर कोण ते काकूंना केव्हाच कळलं, आणि कसं कळलं ते मी सांगणारच आहे. साथीदार मात्र त्यांना आज, हे वाचताना कळतो आहे. काकू, माफ करा. मी तुमच्या घरचा भाडेकरू होतो आणि सर म्हणाले, "धर."

सर म्हणजे माझे घरमालक. मूळचे अमरावतीकडचे. सगळी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावरही ती संपली आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मी तेव्हा दिल्लीच्या मुनिरक्यातल्या एका खिडकीविरहित खोलीतून उठून फरीदाबादला नोकरीसाठी आलो होतो. कुणीतरी म्हणालं, वरची खोली रिकामी आहे, मराठी माणसं आहेत, जाऊन बघ. गेलो. सरांनी नाव, गाव, पगार काहीच विचारलं नाही. पाण्याचा ग्लास पुढे केला. मी प्यायलो.

"काय वाटलं?"

"चांगलं आहे."

"चांगलं म्हणजे काय? कुठलं वाटलं?"

मी घाबरून म्हणालो, "ग्लासातलं."

सरांनी आत वळून हाक मारली, "अगं, खोली देऊन टाक याला. निदान खोटं बोलत नाही."

माझ्याबद्दलचा त्यांचा हा एक मोठा गैरसमज पुढे कित्येक वर्षं टिकला.

कुणाच्याही घरी गेले की सर आधी ग्लास उजेडाकडे धरून बघत. यजमान बिचारा समोर ओशाळून उभा. लग्नाला गेले की नवरानवरीआधी मांडवामागची पाण्याची टाकी बघून येत, आणि नापास झाली तर जेवायला न बसता आहेर देऊन निघत. माणसांचीही त्यांनी अशीच प्रतवारी लावली होती. समोरचे गुप्ताजी म्हणजे बोअरवेल, खोल पण खारट. त्यांचे जुने साहेब म्हणजे साचलेलं पाणी, वरून आरसा आणि खाली चिखल. काकू ऐकण्याच्या अंतरावर असल्या तर काकू म्हणजे झरा. अंतर वाढलं की तोच झरा धबधबा व्हायचा.

"आणि मी?" एकदा विचारलं.

"तू नळाचं. कधी येशील, कधी जाशील, कुणी सांगावं."

पण सरांचा खरा संसार घराबाहेर होता. आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुनं गाव होतं आणि त्या गावाचा एक जोहड होता. हरियाणात तळ्याला जोहड म्हणतात. एका अंगाला कारखान्यांच्या शेड, दुसऱ्या अंगाला नव्या सोसायट्यांचे टॉवर, आणि मध्ये हा, अंगावर जलपर्णीची हिरवी गोधडी घेऊन पडलेला. एका मोठ्या पाइपातून आजूबाजूच्या घरांचं सांडपाणी त्यात येई. लोक नाकाला रुमाल लावून जात. सर मात्र रुमाल काढून उभे राहत, चांगला श्वास भरून घेत आणि म्हणत, "मेलेला नाही. आजारी आहे. मेलेल्याचा वास वेगळा असतो, तो मला पाठ आहे."

सरकारच्या तळ्यांच्या खात्यानं मात्र त्याच्या मयताची तयारी केली होती. बेत असा, की जोहडाचं पाणी उपसायचं, तळ आणि काठ काँक्रीटनं बांधून काढायचा आणि मधोमध रंगीत दिव्यांचं कारंजं बसवायचं. खात्याचे इंजिनिअर साहेब त्या कारंज्याचं चित्र लॅमिनेट करून जवळ बाळगत. माणूस वाईट नव्हता. मुलीचा फोटो दाखवावा तसं ते चित्र दाखवायचा. सरांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा एवढंच विचारलं, "इसमें मेंढक कहाँ बैठेगा?"

साहेब म्हणाले, "मेंढक का क्या काम, सर?"

त्या दिवसापासून सरांनी जोहड दत्तक घेतला.

आता ताट. पाणी किती नितळ आहे हे मोजायची एक साधी रीत आहे. काळ्या-पांढऱ्या रंगाची एक चकती दोराला बांधून पाण्यात सोडायची आणि कुठल्या खोलीवर ती दिसेनाशी होते ते बघायचं. प्रयोगशाळेची चकती सरांनी निवृत्तीच्या दिवशी इमानदारीत परत केली होती. बाजारात शोधाशोध न करता ते सरळ स्वयंपाकघरात गेले.

काकूंची सहा ताटं त्यांच्या लग्नात मामांनी दिलेली. काठाला वेलबुट्टी, आणि मागे टाकीनं ठोकून घातलेलं नाव: सौ. कां. अमुक हिस मामांकडून सप्रेम भेट. त्यातल्या एका ताटाच्या काठाला पोचा होता. नवी नवरी म्हणून दिल्लीला येताना काकूंच्या हातून ते रेल्वेच्या वरच्या बर्थवरून पडलं होतं. त्या पोच्यावर बोट फिरवत काकू पाहुण्यांना तो सगळा प्रवास सांगत. सरांनी नेमकं तेच उचललं, कारण त्यांच्या मते ते आधीच खराब होतं.

काकू बाजारात गेलेल्या. गच्चीवर मी ताट धरून बसलो आणि सरांनी ड्रिलनं मध्ये भोक पाडलं. त्या आवाजानं माझे दात अजून शिवशिवतात. मग त्यांनी ताटाचे चार भाग करून दोन काळे, दोन पांढरे रंगवले. काठाशी आल्यावर मात्र ब्रश थांबला. थोडा वेळ ते त्या पोच्याकडे बघत बसले.

"काठ राहू दे," म्हणाले. "मोजायला काठ लागत नाही."

दोराला त्यांनी वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या. पुढच्या रविवारी आम्ही जोहडावर गेलो. जुन्या पडक्या पंपघराचा कट्टा पाण्यात शिरलेला होता, त्याच्या टोकावर सर पालथे झोपले आणि ताट खाली सोडलं. म्हशी घेऊन आलेले ताऊ, म्हणजे गावातले वडीलधारे गृहस्थ, हुक्का विसरून बघत राहिले.

"मास्टर, आज के परोस्या जोहड नै?" म्हणजे जोहडाला आज काय वाढलंस?

"अभी तो खाली थाली है, ताऊ. देख रहा हूँ, भूख कितनी है."

ताट पहिल्या गाठीच्या आतच गडप झालं. हाताचं कोपरसुद्धा भिजलं नाही.

मोजमापाचे नियम सरांनी स्वतः केले होते आणि ते देवळातल्यापेक्षा कडक होते. नियम पहिला: डोळा एकच. दरवेळी बघणार तेच. डोळा बदलला की मोजमाप बदललं. नियम दुसरा: लिहिणाऱ्यानं पाण्याकडे पाठ करून बसायचं. "तू बघितलंस की तुझा हात आकडा सुधारणार," ते म्हणत. "चांगल्या माणसांचा हात फार सुधारतो. मी तीस वर्षं तसले आकडे वाचलेत." नियम तिसरा: ताट दिसेनासं झालं तरी दोर पाचव्या गाठीपर्यंत सोडायचाच, आणि मग हळूहळू वर ओढत ते पुन्हा कुठं दिसतं तेही लिहायचं. मी दर रविवारी त्या कट्ट्यावर, जोहडाकडे पाठ करून, मांडीवर वही घेऊन, समोरच्या म्हशीच्या डोळ्यांत बघत आकडे लिहिले. जोहडापेक्षा त्या म्हशीला मी जास्त ओळखतो.

घरी काकूंचा तपास चालू होता. पाहुणे आले की पाच ताटं मांडली जात आणि सहाव्याला, म्हणजे मला, बदकाचं चित्र असलेली लहान मुलांची प्लास्टिकची थाळी मिळे.

"तो ट्रकवाला," काकू म्हणायच्या, "त्याच्या बायकोला मामाच्या ताटात जेवताना घास कसा उतरत असेल!"

सर वरणात खोल बघत. मी बदकाकडे बघत असे.

जोहडावर काकूंनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. "ती आपली सवत," असं मला सांगून सरांकडे बघायच्या. मी म्हणालो, काकू, तुमची सवत, माझी कशी? तर म्हणाल्या, "तुझाही रविवार तीच खाते ना?"

तरीही जोहडाचा पहिला मोठा विजय काकूंच्या हातचा आहे. झालं असं, की साहेब पाणी तपासायला नेहमी जेवण करून, तीन वाजता येत. त्यांचं यंत्र पाण्यात बुडवलं की प्राणवायू भरपूर दाखवी. साहेब खूश. पाइप बंद करायची काय गरज, पानी तो फर्स्ट क्लास है! सर कपाळावर हात मारून घेत. पाण्यातलं हिरवं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं आणि अंधार पडला की तोच पिऊन टाकतं. सकाळ होईतो माशांना काही उरत नाही. "माणसाचा ताप संध्याकाळी बघावा," सर म्हणत, "आणि तळ्याचा सूर्य उगवायच्या आधी. साहेब, एक दिन सवेरे आइए."

साहेब सवेरे कशाला येतात? तेव्हा सरांनी निरोप पाठवला की अमुक रविवारी सकाळी सहाला जोहडावर अमरावतीकडचे पोहे, वर झणझणीत तर्री. डबा दोन गुडघ्यांत दाबून मी सरांच्या स्कूटरवर मागे बसलो. तर्रीचे डाग त्या पँटला शेवटपर्यंत राहिले.

साहेब आले. माकडटोपी घालून, पण आले. पहिला घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, "वा" म्हणाले, दुसरा चमचा उचलला आणि तो तसाच हवेत राहिला. समोर पाण्यावर शेकडो तोंडं वर आली होती. मासे. सगळे काठाला येऊन, तोंडाचा गोल करून, वरच्यावर हवा ओढत होते. टप, टप, टप, असा बारीक आवाज सगळ्या जोहडभर.

"ये क्या कर रहे हैं?"

"नाश्ते की लाइन में हैं, साहब," सर म्हणाले. "आपके लिए पोहा है. इनके लिए हवा."

साहेबांनी प्लेट खाली ठेवली. दोन महिन्यांत पाइप वळवला गेला. कारंज्याचा बेत मात्र मंजूर होऊन बसला होता, तो साहेबांच्याही हातात नव्हता. फार तर तो तीन वर्षं लांबवता येईल, असं त्यांनी त्याच सकाळी कट्ट्यावर सांगितलं. तिसऱ्या मार्चमध्ये ते येतील. ताट पाचव्या गाठीपर्यंत दिसलं तर जोहड जोहडच राहील, तसा अहवाल ते स्वतः लिहितील. नाही दिसलं तर काँक्रीट. सरांनी हात पुढे केला. साहेबांनी तर्रीचा हात पुसून तो धरला.

आयुष्यातले माझे सगळ्यात सुंदर रविवार त्यानंतरचे. गुडघाभर पाण्यात उतरून जलपर्णी ओढायची. ताऊंच्या घरचं ताक. पाणी जिथून आत येतं तिथलं पाणकणीस सरांनी कुणाला कापू दिलं नाही. उंच गवतासारखं ते वाढे आणि गाळ अडवून धरी. टिबुकल्या परत आल्या, एवढ्याशा, बुडी मारून भलतीकडेच वर येणाऱ्या. ताट पहिल्या गाठीला दिसलं. मग दुसऱ्या. पुढच्या हिवाळ्यात थापटे बदक आले आणि चौथी गाठ दिसली. त्या दिवशी सरांनी स्कूटरवर बसून हॉर्न वाजवत गल्लीला दोन फेऱ्या घातल्या. गुप्ताजींना वाटलं, गल्लीत कुणाचं तरी लग्न ठरलं.

मग मला गुरुग्रामला नोकरी लागली. रविवारी मेट्रोनं येतच राहिलो, पण वहीतले आकडे उलटे फिरले होते. चौथी गाठ गेली. तिसरी आली. मग अडीच.  सर पाइपाजवळ जाऊन जाऊन बघत, कुणी चोरून काही सोडतंय का. सापडेना.

"पण सर, पक्षी तर वाढलेत."

"पक्षी भोळे असतात. ताटावर विश्वास ठेवायचा."

त्या काळात ते सगळ्याच गोष्टींवर चिडत. वर्तमानपत्राची छपाई फिकी झाली म्हणून त्यांनी संपादकाला पत्र लिहिलं. एकदा खुंटीवर टांगलेल्या माझ्या रेनकोटला "या गुप्ताजी, बसा" म्हणाले. एप्रिलच्या लख्ख दुपारी गच्चीवर उभे राहून ते मला म्हणाले, "धुकं बघ केवढं! एप्रिलात!"

काकू आतून ओरडल्या, "डोळे दाखवा, डोळे! सहा महिने झाले सांगते!"

"माझे डोळे हे उपकरण आहे," सर म्हणाले. "दाखवायचीच असेल तर दिल्लीची हवा दाखवा कुणाला तरी."

आणि मी मूर्खासारखी मान हलवली. आमच्याकडे काही धूसर दिसलं तर माणूस हवेला शिव्या घालतो, खोकतो आणि कामाला लागतो. मीही शिव्या घातल्या. मीही खोकलो.

तिसरा मार्च आला. आदल्या दिवशी फाटकाची पायरी न दिसल्यानं सर पडले, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा काकू जोहडावर आल्या. एका हातात सरांचं कोपर, दुसऱ्या हातानं कमरेवर धरलेलं पोह्यांचं पातेलं, चेहऱ्यावर सवतीच्या घरी आल्याचा भाव. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. साहेब आले, बरोबर एक कनिष्ठ, आणि बगलेत ते लॅमिनेट केलेलं चित्र. ताऊ म्हशी सोडून आले.

सर कट्ट्याच्या टोकावर पालथे झोपले आणि तिथूनच हुकूम दिला, "सब लोग पीठ फेर लो. कोई पानी में नहीं देखेगा." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, नियम है. तर सरकारचे दोन अधिकारी, एक ताऊ आणि एक मी, अशी चार माणसं जोहडाकडे पाठ करून शाळेतल्या शिक्षेसारखी रांगेत उभी राहिली. काकूंनाही हुकूम झाला. पण काकूंनी लग्नापासून सरांचा एकही हुकूम पाळलेला नव्हता.

दोर सरकल्याचा आवाज.

"पहिली गाठ. दिसतंय."

मी लिहिलं.

"दुसरी." खूप वेळ गेला. "दिसतंय... दिसतंय." पाणकणसात कुठंतरी टिबुकली खिदळली. "नाही. गेलं."

एवढा बारीक आवाज मी सरांचा कधी ऐकला नव्हता. नियमाप्रमाणे त्यांनी दोर पुढं सोडला. तिसरी, चौथी, पाचवी. तिथं हात थांबला, आणि वर ओढायला उठेना. साहेबांनी मागे न वळताच हळूच म्हटलं, "कोई बात नहीं, मास्टरजी. फव्वारे में भी तो पानी ही होता है." ताऊंनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं.

खरं सांगतो, माझा हात तेव्हा सुधारायला लागला होता. वहीवर मी 'पाच' लिहिणार होतो. पेन टेकवलंसुद्धा होतं. नापास झालेला जोहड, काँक्रीट, दिवे, आणि रविवारी सकाळी कुठं जायचं हे न सुचून गच्चीवर उभे राहिलेले सर मला दिसत होते.

आता ते दोघं अमरावतीला असतात. मी गुरुग्रामला चौदाव्या मजल्यावर, केस पिकवून. घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे, तरी ग्लास हातात आला की आधी उजेडाकडे धरतो आणि बायको विचारते, "काय दिसलं?" काय सांगणार! मला त्या सकाळचं मागे खडखडलेलं पातेलं ऐकू येतं. काकू कट्ट्याच्या टोकाशी वाकल्या होत्या, सरांच्या डोक्यावरून, दोराच्या शेवटापर्यंत थेट खाली बघत. काकूंची एरवीची मराठी अगदी पुस्तकी, पण संताप आला की त्या एका झटक्यात अमरावतीला पोचत. तशा पोचल्या आणि सगळ्या जोहडाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"अवो! ते खाली माझं ताट होय! मामाचं! थो पाहा, काठावरचा पोचासुद्धा दिसून राह्यला!"